माहीमचा बुधवार: सेंट मायकल चर्चमधली नोव्हेना

मी बुधवारी माहीमच्या सेंट मायकल चर्चमध्ये नोव्हेनाला, म्हणजे नऊ बुधवार करायच्या प्रार्थनेला, जाते हे कळलं की लोक दोन गोष्टी हमखास विचारतात. गर्दी किती असते? आणि मागितलेलं खरंच मिळतं का? पहिल्याचं उत्तर सोपं आहे. गर्दी भरपूर असते, दिवसभर असते, आणि थोडं लवकर गेलात तर बसायला जागाही मिळते. दुसऱ्या प्रश्नासाठी मी हे लिहायला बसले आहे.

आधी कामाचं सांगते. चर्च एल. जे. रोडच्या उत्तर टोकाला, माहीम कॉजवेच्या तोंडाशी आहे. माहीमला स्लो लोकल थांबते, त्यामुळे दहिसरहून आम्ही स्लोच पकडतो. स्टेशनच्या पश्चिमेला उतरून रमतगमत दहा-पंधरा मिनिटं चालायचं. मेट्रो ३ चं शीतलादेवी मंदिर स्थानक झाल्यापासून दक्षिणेकडून येणाऱ्यांची चांगली सोय झाली आहे, पण तिथूनही चालणं आहेच. सोबत आजारी माणूस असेल तर एक लक्षात ठेवा: वांद्र्याहून रिक्षा खाडी ओलांडून माहीमला येत नाही. टॅक्सी करा, नाहीतर बेस्टची बस धरा. नोव्हेना दिवसभर एकामागून एक होत राहतात, वेगवेगळ्या भाषांत, त्यांत मराठीही आहे. वेळा चर्चच्या फलकावर बघून घ्या. आत जायला पैसे नाहीत आणि तुम्ही कोण, कुठल्या धर्माचे, हे कुणीही विचारत नाही. रांगेत माझ्या पुढेमागे कुंकू लावलेल्या बायका असतात, बुरखा घातलेल्याही कधीकधी दिसतात.

चर्च सोळाव्या शतकातलं, पोर्तुगीजांच्या अमदानीतलं. आजची इमारत मात्र १९७३ ची. इथली नोव्हेना सुरू झाली ८ सप्टेंबर १९४८ ला. तो मरियामातेच्या जन्माचा सण, आणि त्या वर्षी तो आला होता बुधवारीच. इथल्या एका फादरांनी बेलफास्टमध्ये दर बुधवारी होणारी ही प्रार्थना पाहिली आणि ती माहीमला आणली. नऊ दिवस प्रार्थना करण्याची रीत त्याहून कितीतरी जुनी. येशू स्वर्गात गेल्यावर पवित्र आत्मा उतरेपर्यंत प्रेषित, काही स्त्रिया आणि मरिया माडीवर एकत्र प्रार्थना करत थांबले होते, असं बायबलमधल्या प्रेषितांच्या कृत्यांच्या पहिल्याच अध्यायात आहे. त्यांना वचन मिळालेलं होतं, नेमका दिवस सांगितलेला नव्हता. मला हे फार महत्त्वाचं वाटतं, आणि का वाटतं ते पुढे येईलच.

आमचं कारण सांगते. माझे मिस्टर डायलिसिसवर आहेत. मंगळवार, गुरुवार, शनिवार, दर खेपेला चार तास. हाताच्या फिस्टुलात, म्हणजे डायलिसिससाठी शस्त्रक्रियेने जोडलेल्या रक्तवाहिनीत, दोन जाड सुया. दिवसाला पाणी मोजून प्यायचं, केळं नाही, नारळपाणी नाही. वसईच्या माणसाला केळं नाही म्हणजे काय ते वसईच्याच माणसाला कळेल. बुधवार हा मधला दिवस. आदल्या दिवशी रक्त स्वच्छ झालेलं असतं, पायांची सूज उतरलेली असते, म्हणून त्यांना चालवतं. मला मधुमेह आहे, त्यामुळे माझं मूत्रपिंड त्यांना देता येत नाही. दिरांपैकीही कुणाचं जमलं नाही. मरणोत्तर दानाच्या प्रतीक्षायादीत नाव आहे आणि आम्ही फोनची वाट बघतो आहोत.

माहीमला नियमाने यायच्या आधी आम्हाला एका नातेवाइकांनी उपनगरातल्या एका प्रार्थनासभेला नेलं होतं. नाव लिहीत नाही. मोठं सभागृह, मोठे स्पीकर. तिथल्या वक्त्यांनी मिस्टरांच्या डोक्यावर हात ठेवला, जोरात प्रार्थना केली आणि म्हणाले, आता तुम्ही बरे झालात, फक्त शंका घेऊ नका. पुढच्या तपासणीत क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाचं काम दाखवणारा रक्तातला आकडा, होतं तिथेच होतं. आम्ही ते त्यांना सांगितलं, तेव्हा उत्तर आलं की तुमच्या मनात किंतु आला, म्हणून अडलं. मिस्टर घरी येऊन कितीतरी दिवस कुणाशी धड बोलले नाहीत. आजाराचं ओझं होतंच, त्यावर आता अपराधाचंही. मी आयुष्यभर पालिकेच्या शाळेत पहिली-दुसरीला शिकवलं. घाबरलेल्या मुलाला तू घाबरलास म्हणूनच तुला येत नाही असं मी कधी म्हटलं नाही, आणि देव म्हणेल यावर माझा विश्वास नाही.

बायबलमधल्या प्रेषित पौलाचंच बघा. देहातला काटा काढावा म्हणून त्याने प्रभूला तीनदा विनवलं. काटा निघाला नाही. माझी कृपा तुला पुरेशी आहे, असं उत्तर मिळालं. पौलाचा विश्वास कमी पडला असं म्हणायची कुणाची हिंमत आहे? आणि मार्कच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायातला तो आजारी मुलाचा बाप! माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका, असं तो येशूला रडून म्हणतो. दोन्ही एकाच दमात. येशूने त्याला आधी अविश्वास घालवून ये असं सांगितलं नाही, त्याचा मुलगा बरा केला. हे शुभवर्तमान ज्यांच्या हातात आहे त्यांनी आजारी माणसाला शंकेची भीती घालावी याचा मला आजही संताप येतो.

आता माहीमबद्दल. इथे कुणीही हमी देत नाही. नोव्हेनात गीतं असतात, सगळ्यांनी मिळून म्हणायच्या ठरलेल्या प्रार्थना असतात, विनंत्या आणि आभाराची पत्रं असतात, छोटं प्रवचन असतं, आजाऱ्यांसाठी आशीर्वाद असतो. प्रार्थनेचे शब्द ठरलेले असणं हा मला मोठा गुण वाटतो. ज्या आठवड्यात मनात एकही वाक्य उमटत नाही, त्या आठवड्यात शेजारचा माणूस जे म्हणतो तेच आपण म्हणायचं. आपला विश्वास त्या दिवशी फाटका असला तरी चालतो, बाकीचे तो धरून ठेवतात. मराठी नोव्हेनात माझ्या आईच्या तोंडचे शब्द असतात, त्यामुळे ते ओठांवर आपोआप येतात. इंग्रजी नोव्हेना मी केली आहे, चांगलीच होती, पण दुखऱ्या जागेपर्यंत मराठीच पोचते.

आणि ते चित्र. सदैव साहाय्य करणाऱ्या मातेचं हे चित्र जगभर आहे. मूळ चित्र रोममध्ये, संत अल्फोन्सच्या चर्चमध्ये. १८६६ साली नववे पायस पोप असताना ते रिडेम्प्टरिस्ट या धर्मगुरूंच्या संघाच्या स्वाधीन झालं आणि त्यांनी या भक्तीचा प्रसार केला. बहुतेक जण चित्राकडे बघून हात जोडतात आणि पुढे सरकतात. तुम्ही जाल तेव्हा थोडं थांबून बघा. सोनेरी पार्श्वभूमी, मरियेच्या कडेवर बाळ येशू, वर दोन बाजूंना दोन देवदूत. एकाच्या हातात क्रूस आणि खिळे, दुसऱ्याच्या हातात भाला आणि काठीला लावलेला स्पंज. बाळ आईकडे बघत नाही, मान वळवून त्या क्रूसाकडे बघतं. घाबरून धावत आल्यामुळे एका पायातली चप्पल सुटली आहे, नुसत्या बंदावर लोंबते आहे. बाळाचे दोन्ही हात आईच्या एका हातात आहेत. आणि आई बघते आहे आपल्याकडे.

मिस्टरांनी पहिल्यांदा ते नीट पाहिलं तेव्हा ते म्हणाले, "अगं, याची नजरसुद्धा सुईवरच आहे." डायलिसिसच्या खुर्चीत बसल्यावर टेक्निशियन सुई काढतो तेव्हा त्यांची नजर तिथेच खिळते, हे त्यांनी मला तोवर कधी सांगितलं नव्हतं. त्या सभागृहातून आणलेली गप्पगप्प अवस्था त्या दिवशी सुटली. भरवसा ठेवणाऱ्याला भीती वाटत नाही, हे त्यांना शिकवलं गेलं होतं. या चित्रातल्या बाळाला भीती वाटते, त्याची चप्पल सुटलेली आहे, आणि हात योग्य ठिकाणी आहेत. मला तरी भरवशाच्या प्रार्थनेचं याहून खरं चित्र माहीत नाही.

आमच्या शाळेतल्या मिशनच्या बाजूच्या, म्हणजे प्रोटेस्टंट, मैत्रिणी विचारतात, थेट देवाशी बोला ना, मरियेकडे कशाला? मी त्यांना सांगते की आम्ही तिची पूजा करत नाही, आमच्यासाठी प्रार्थना कर असं तिला म्हणतो, जसं मी तुम्हालाही म्हणते. त्या माझ्यासाठी प्रार्थना करतातच. थेट बोलणं तर आहेच. कृपेच्या राजासनाजवळ धैर्याने जाऊ या, असं इब्री लोकांस पत्राच्या चौथ्या अध्यायात लिहिलं आहे, ते कॅथलिकांनाही लागू आहे.

विनंतीपत्रांबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण माझ्या मते या नोव्हेनाचं खरं बळ तिथे आहे. तुम्ही तुमची विनंती कागदावर लिहून द्यायची. वाचून दाखवली जातात तेव्हा ऐकत राहावीत अशी ती पत्रं असतात. कुणाला नोकरी हवी, कुणाला मूल, कुणाच्या भावाची दारू सुटायला हवी, कुणाची खोली पुनर्विकासात अडकली आहे. आभाराच्या पत्रांतही तेच विषय. भाषा साधी, बहुतेकदा दोन-तीन वाक्यांची. लिहिण्यामुळे एक होतं: नुसतं "देवा, आमचं बघ" म्हणून भागत नाही. नेमकं काय हवं ते अक्षरांत मांडावं लागतं. शाळेत मी मुलांना पाटीवर लिहायला लावायची तेव्हा त्यांना काय येत नाही ते त्यांचं त्यांनाच दिसायचं. विनंतीचंही तसंच आहे, लिहिताना आपण काय मागतो आहोत ते दिसतं.

मला ते दिसलं आणि माझा हात थांबला. "मिस्टरांना मूत्रपिंड मिळू दे" असं मी लिहिलं होतं. मरणोत्तर दान म्हणजे कुणीतरी अतिदक्षता विभागात आहे, त्याचा मेंदू मृत झाला आहे, आणि त्याच्या घरचे कागदावर सही करत आहेत. मग मी काय मागते आहे? कुणाच्या तरी घरी आकांत व्हावा हे? प्रतीक्षायादीतल्या कितीतरी घरांत हा प्रश्न मनात येत असणार, फक्त तो कुणी मोठ्याने बोलत नाही. डायलिसिस केंद्रात माझ्या शेजारी बसणाऱ्या एका ताईंनी तर या विचाराने प्रार्थना करणंच सोडलं आहे. फोन आला तर आनंद करायचा की नाही हेच कळत नाही, असं त्या म्हणतात.

याचं उत्तर मला काना गावच्या लग्नात सापडलं. योहानाच्या दुसऱ्या अध्यायात. लग्नघरातला द्राक्षारस संपला आहे आणि मरिया येशूला एवढंच म्हणते की त्यांच्याजवळ द्राक्षारस नाही. अमुक कर, असं ती सांगत नाही. रांजण भर, बाजारातून आण, चमत्कार कर, काहीच नाही. गरज सांगते आणि कसं ते त्याच्यावर सोडते. पहिल्यांदा त्याचं उत्तरही सरळ होकाराचं नाही, माझी वेळ अजून आली नाही असं तो म्हणतो. तरी ती चाकरांकडे वळून म्हणते, तो तुम्हाला सांगेल ते करा. मला हा भरवसा वाटतो. तिने हट्टही केला नाही आणि माघारही घेतली नाही.

तेव्हापासून माझ्या कागदावर असतं: यांची मूत्रपिंडं काम करत नाहीत, हे थकले आहेत. खाली दुसरी ओळ असते: ज्या घरावर आज दुःख आलं असेल त्या घराला सांभाळ. कुणाचं मरण मी मागत नाही. मरण येतं, ते माझ्या मागण्याने येत नाही आणि न मागण्याने टळतही नाही. त्या घडीला कुणा दुःखी माणसाला सही करण्याचं बळ मिळावं, एवढं मागायला मला आता संकोच वाटत नाही. त्या ताईंना मी हे सांगितलं. त्यांनी दुसरी ओळ तेवढी त्यांच्या वहीत उतरवून घेतली.

चर्चबाहेर मेणाच्या वस्तू मिळतात. घरं, बाळं, हात, पाय. ज्यासाठी प्रार्थना त्याची आकृती वाहायची. मोत माउलीच्या (माउंट मेरीच्या) जत्रेला वांद्र्याला गेलेल्यांना हे ओळखीचं असेल. मेणाचं घर हातात धरून डोळे मिटलेली बाई मी पाहिली आहे, आणि तिच्या श्रद्धेबद्दल मी वावगा शब्द काढणार नाही. माझं मत एवढंच की ही वस्तू किंमत म्हणून वाहू नये. नऊ बुधवार झाले, मेण वाहिलं, आता माझं काम व्हायलाच हवं, असा हिशेब मनात आला की प्रार्थना संपते आणि व्यवहार सुरू होतो. नऊ ही आपल्याला लागणारी शिस्त आहे, देवावरचं कर्ज नव्हे. आम्ही साधी मेणबत्ती घेतो. ती मिस्टर स्वतः लावतात, फिस्टुला नसलेल्या हाताने.

आमच्या इमारतीतल्या काकू आमच्याबरोबर येतात. त्या मंगळवारी सिद्धिविनायकाला जातात आणि बुधवारी माहीमला. त्यांचा नातू बोलायला उशीर लावतो आहे, त्यासाठी त्यांचं मागणं आहे. स्पीच थेरपीही चालू आहे, ती त्या एकदाही चुकवत नाहीत. मराठी नोव्हेनातली गीतं त्यांना आता पाठ झाली आहेत. परत येताना लोकलमध्ये मी त्यांना विचारलं, काकू, तुम्हाला कंटाळा नाही येत, तेच तेच मागायचा? त्या म्हणाल्या, "बाई, तो तेच तेच ऐकून कंटाळला नाही, तर मी कशी कंटाळू?" लूकच्या अकराव्या अध्यायात येशूने मध्यरात्री तीन भाकरी मागायला शेजाऱ्याचं दार ठोठावणाऱ्या मित्राची गोष्ट सांगितली आहे. काकूंनी ती कधी वाचलेली नाही. मी त्यांना ती तिथेच सांगितली, आणि समोर बसलेल्या दोघी अनोळखी बायकांनीही कान दिला.

तर मिळतं का? आमचा फोन अजून आलेला नाही. यादी पुढे सरकते, पण आमचा नंबर कधी येईल ते कुणी सांगू शकत नाही. तुम्हाला फक्त मागितलेली वस्तू हवी असेल आणि ती ठरलेल्या मुदतीत हवी असेल, तर माहीमची नोव्हेनाच काय, कुठलीच प्रार्थना तुमचं समाधान करणार नाही. पण एक बदल मी डोळ्यांनी पाहिला आहे. मिस्टर आता प्रार्थनेत घाबरलो आहे असं म्हणू शकतात. गुरुवारी खुर्चीत बसताना ते अब्बा, बापा असं पुटपुटतात. येशूने गेथशेमाने बागेत वापरलेले शब्द. येशूनेही तिथे आधी हा प्याला दूर कर असंच म्हटलं होतं, तुझ्या इच्छेप्रमाणे होवो हे त्यानंतरचं. पहिलं वाक्य गाळून दुसऱ्यावर उडी मारायला त्याने कुणाला सांगितलेलं नाही. आम्ही दोन्ही म्हणतो, त्याच क्रमाने.

जाणार असाल तर हे करा. कागद आणि पेन घरून न्या आणि विनंती घरीच लिहा, गर्दीत लिहिताना मन लागत नाही. महिन्याच्या पहिल्या बुधवारी आजारी माणसाला नेणं टाळा, त्या दिवशी रीघ जास्त असते. दुपारच्या उन्हात रांगेत उभं राहायचं असेल तर डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या पाण्याचा हिशेब ठेवूनच बाटली भरा. औषधं आणि डायलिसिसची पाळी कुठल्याही प्रार्थनेसाठी चुकवू नका, आणि चुकवायला सांगणाऱ्याकडे परत जाऊ नका. ज्यांची डायलिसिसची पाळीच सोमवार-बुधवार-शुक्रवारची आहे, त्यांनी दुसऱ्या दिवसासाठी अडून बसायची गरज नाही. मुंबईत बऱ्याच चर्चमध्ये बुधवारी संध्याकाळी ही नोव्हेना असते, घराजवळ चौकशी करा. तेही जमत नसेल तर चार तास खुर्चीत बसायचं आहेच, रोजरी सोबत न्या. सुया एका हाताला असतात, मणी मोजायला दुसरा मोकळा असतो.